घरभाडे कमी, पण दुसरी नोकरी कुठे?

मा. संपादक,


आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान शहरांची बाजू घेणारा लेख वाचला. पुण्या-बंगळूरला निम्मा पगार भाड्यात आणि येण्याजाण्यात जातो, तेव्हा मुलांनी लॅपटॉप उचलून आपल्या गावी परतावे, असा त्याचा सल्ला आहे. आमचे जामुल या सल्ल्यात अगदी चपखल बसते. गाव भिलाईला लागून, दुर्ग स्टेशन जवळ, आणि पुण्यात एका खोलीला जे भाडे पडते त्यात इथे अख्खे घर मिळते. तरीही मला हा सल्ला घातक वाटतो. लेखकाने खर्चाचा हिशेब चोख मांडला आहे, पण हातची नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळेल, याचा त्यात उल्लेखही नाही.

माझा भाचा 2020 च्या टाळेबंदीत घरी आला आणि इथूनच काम करू लागला. आईची दुखणी, शेतीचे थोडे काम, सगळे जमत होते. पुढे कंपनीने पाचही दिवस ऑफिसात हजर राहायला सांगितले. त्याला जाणे शक्य नव्हते, म्हणून राजीनामा दिला. त्याच्या कामाची दुसरी कंपनी भिलाईत सापडेना. अखेर घरूनच करायचे एक काम मिळाले, पण जुन्यापेक्षा बऱ्याच कमी पगारावर. हा मुलगा गाव सोडू शकत नाही, हे बोलणी करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

माझी मुलगी पुण्यात वाकडला तिघींत मिळून फ्लॅट घेऊन राहते. हिंजवडीच्या रस्त्यावर तिचे रोज किती तास जातात, ते ऐकून जीव तुटतो. पण तिचा प्रोजेक्ट बंद पडला तेव्हा तिने हिंजवडीच्याच आयटी पार्कात दुसरी कंपनी गाठली, आणि पगारही वाढवून घेतला. मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचा पगार गेली दहा-बारा वर्षे वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. बहुतेकांचा पगार खऱ्या अर्थाने वाढतो तो कंपनी बदलल्यावर. पुण्यातले महागडे भाडे ती या सोयीसाठी भरते, आणि माझ्या मते ते वाया जात नाही.

स्वस्त गावातल्या माणसाच्या मजुरीचे काय होते, हे जामुलला कुणी शिकवायला नको. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि भिलाईच्या भातखाचरांच्या जागी पोलाद कारखाना उभा राहू लागला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. साठच्या दशकात जामुलला एसीसीचा सिमेंट कारखाना आला. भंडारा-गोंदियाकडची कितीतरी मराठी कुटुंबे त्या काळात या भागात येऊन स्थिरावली, आमचेही त्यांतलेच. ज्याची नोकरी कायम झाली त्याला क्वार्टर, दवाखाना, मुलांची शाळा सारे मिळाले. ठेकेदाराकडच्या मजुराला त्याच कारखान्यात, बऱ्याचदा तेच काम करून, त्या पगाराचा लहानसा हिस्सा मिळे. गावाकडे राहतात, यांना लागते किती, असे तेव्हा सर्रास बोलले जाई.

दल्ली राजहराच्या खाणमजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी 1990 च्या सुमारास भिलाईच्या ठेका मजुरांसाठी उभे राहिले. जगण्यापुरते वेतन द्या आणि कायम करा, एवढीच मागणी होती. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगींना झोपेतच गोळी घालण्यात आली. 1 जुलै 1992 रोजी भिलाई पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात डझनाहून अधिक माणसे गेली.

आयटीच्या चर्चेत हा इतिहास कशाला, असे कुणी विचारेल. वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या इंजिनियरची आणि भट्टीजवळ राबणाऱ्या मजुराची बरोबरी मी करत नाही. पण राहणे स्वस्त म्हणून मजुरी कमी, हा विचार संपलेला नाही. गूगलने 2021 मध्ये अमेरिकेतल्या घरून काम करणाऱ्यांचा पगार ते कुठे राहतात त्यावरून ठरवायला घेतला. ही रीत आपल्याकडे रुळली, तर जामुलची स्वस्ताई आमच्या मुलांच्या खिशात उरणार नाही. तिचा फायदा कंपनीच घेईल.

लेखात झोहोच्या श्रीधर वेंबूंचे कौतुक आहे, आणि ते योग्यच आहे. तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या खेड्यात त्यांनी ऑफिस काढले, शाळा संपवून आलेल्या मुलांना शिकवून कामाला लावले. मला त्यांच्याविषयी आदर आहे. तरीही एका मालकाच्या चांगुलपणावर तालुक्याच्या तालुका विसंबणे मला धोक्याचे वाटते. भिलाई पोलाद कारखाना सरकारी होता, आणि सरकारसारखा भरवशाचा मालक दुसरा नाही असे आमच्या वडिलांची पिढी समजत होती. एकेकाळी साठ हजारांच्या वर असलेल्या कायम कामगारांचा आज एक छोटा हिस्साच उरला आहे.

आमच्या भागातल्या मराठी पालकांनी नागपूरचा विचार करावा, असे मला वाटते. तिथल्या मिहान या उद्योग क्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा तीन मोठ्या कंपन्या एकाच परिसरात आहेत. भाडे पुण्यापेक्षा कमी, आणि 2022 च्या डिसेंबरपासून नागपूरची वंदे भारत दुर्गला थांबते, त्यामुळे घरी येणे सहज होते. 

भिलाईतच नोकऱ्या हव्या असतील तर त्या मागणीला काहीएक आधार आहे. दुर्गचे बीआयटी 1986 पासून इंजिनियर घडवते आहे. कुटेलाभाट्याला आयआयटीचा स्वतःचा परिसर झाला, 2024 च्या फेब्रुवारीत त्याचे लोकार्पण झाले. इतके इंजिनियर इथे तयार होतात, आणि राज्याचे आयटीचे सारे बेत मात्र पन्नासएक किलोमीटरवरच्या नवा रायपूरभोवती फिरतात. रेल्वेचे रूळ इथे लाटले जातात, सिमेंटच्या भट्ट्या इथे चालतात. त्यांची नियंत्रण यंत्रणा, रुळांतले दोष हेरणारी उपकरणे, देखभालीचे सॉफ्टवेअर, ही कामे इथल्या छोट्या कंपन्यांना का मिळू नयेत? पोलाद कारखाना चालवणाऱ्या सेलने अशा कामांच्या निविदा लहान तुकड्यांत काढाव्यात आणि देखभालीचे इंजिनियर भिलाईतच ठेवण्याची अट घालावी. अशा पाच-सहा कंपन्या इथे उभ्या राहिल्या, आणि एकीतून निघालेल्या मुलाला दुसरीत जागा मिळू लागली, की मीच माझ्या मुलीला परत ये म्हणेन. आज मी तिला तसे सांगणार नाही.

आपला,
एक वाचक
जामुल, जि. दुर्ग (छत्तीसगड)