परिषदेहून आलात? आता एक माणूस तयार करा

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या भागात ख्रिस्ती नेतृत्वाच्या परिषदा होतात. पाळक, शब्बाथशाळेच्या शिक्षिका, तरुण संघाचे सचिव रजा टाकून तिथे जातात आणि वही भरून परततात. माझी कळकळीची विनंती आहे, की त्या वहीतली एकच गोष्ट करायची ठरली, तर ही करा: तुमचे काम उद्या सांभाळू शकेल असे माणूस घडवा आणि वेळ आली की जागा त्याच्या हाती द्या.

हा धडा दिल्लीच्याच इतिहासात आहे. केंब्रिज मिशनने १८८१ मध्ये काढलेले सेंट स्टीफन्स कॉलेज पुढे काश्मिरी गेटला होते. १९०६ मध्ये तिथले प्राचार्यपद रिकामे झाले. सी. एफ. अँड्र्यूज १९०४ मध्ये इंग्लंडहून तिथे शिकवायला आलेले. सुशीलकुमार रुद्र १८८६ पासून तिथे शिकवत होते. तरीही प्राचार्य इंग्रजच हवा, असा त्या काळचा रिवाज. भारतीय माणूस शिस्त राखू शकेल का, पालक मुले पाठवतील का, अशा शंका निघाल्या. अँड्र्यूज यांनी स्वतः ते पद नाकारले आणि ते ठाम राहिले, की हे पद रुद्रांचेच आहे. रुद्र कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले आणि १९२३ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. गांधीजी दिल्लीला येत तेव्हा रुद्रांच्या घरी उतरत. असहकाराच्या योजनेला त्याच छपराखाली आकार आला.

पद नाकारून अँड्र्यूज निघून गेले नाहीत. पुढची काही वर्षे ते रुद्रांच्या हाताखाली शिकवत राहिले. मला हेच अधिक मोठे वाटते. नकार एकदाच द्यायचा असतो. दुसऱ्याचा शब्द मानून काम मात्र रोज करायचे असते.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगावला हेच केले. मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींना त्यांनी केवळ आसरा दिला नाही, छापखान्याचे कामही शिकवले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. त्यांनी मराठीत भाषांतरित केलेले बायबल १९२४ मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडले. बाई गेल्या तरी काम थांबले नाही, कारण ते करणारे हात त्यांनी आधीच तयार केले होते.

दिल्ली परिसरात याची गरज जास्त आहे. इथली बहुतेक माणसे नोकरीसाठी आलेली. आज नोएडात, तर उद्या बदलीवर पुण्याला किंवा बंगळुरूला. खजिनदाराची बदली झाली की हिशेब अडतो. गाणी बसवणारी ताई गेली की नाताळचा कार्यक्रम कोण करणार, असा प्रश्न पडतो. सगळे काम एकाच माणसावर टाकले, की हे ठरलेलेच.

म्हणून काही गोष्टी आतापासून करा. पदाची मुदत ठरवा आणि ती पाळा. प्रत्येक जबाबदारीवर दोन माणसे ठेवा, एक जाणते आणि एक शिकणारे. शिकणाऱ्याला नुसत्या खुर्च्या मांडायला लावू नका. त्याला हिशेबाची वही दाखवा, सभेत बोलू द्या, एखादा निर्णय पूर्णपणे त्याच्यावर सोपवा. तो चुकला तर चारचौघांत बोलू नका. एकट्याला बसवून समजावून सांगा. बहिणींना केवळ महिला मंडळापुरते ठेवू नका; चर्च कमिटीत आणि पैशाच्या व्यवहारातही त्यांना घ्या.

जागा दिल्यावर मागून दोर ओढू नका. विचारले तर सल्ला द्या, आणि नव्या माणसाचा निर्णय पटला नाही तरी शेवटच्या रांगेत बसून त्याला साथ द्या. तरुणांनो, तुम्हीही ‘मला जमणार नाही’ म्हणून मागे सरू नका. काम हाती घेतल्यावरच ते जमू लागते.

येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि त्यांनीही एकमेकांसाठी तेच करावे, असे सांगितले. त्याने आपले काम शिष्यांवर सोपवले; त्यांत त्याला नाकारणारा पेत्रही होता. आपण सगळ्या बाबतींत तयार असलेल्या माणसाची वाट बघत बसलो, तर ते कधीच सापडणार नाही.

या रविवारी उपासना संपली की लगेच घरी जाऊ नका. ज्याच्यात किंवा जिच्यात तुम्हाला धडाडी आणि प्रामाणिकपणा दिसतो, त्या एका माणसाला गाठा. ‘पुढच्या महिन्यापासून हे काम आपण दोघे मिळून करू, आणि वर्षभराने ते तू सांभाळ,’ एवढे सांगा आणि तो शब्द पाळा.