धर्म एक, दरवाजे दोन

आयर्लंडचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठराविक उत्तर तयार असते: कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांचे भांडण! उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रज आणि आयरिश दोघेही रोमच्या एकाच पोपला मानीत होते, त्या काळातच चर्चच्या दारात भेदाची भिंत उभी राहिली होती.

आयर्लंडवर जाण्याची मुभा दुसऱ्या हेन्रीला ११५५ साली चौथ्या एड्रियनने दिली, असे मानले जाते. पोपच्या गादीवर बसलेला हा एकमेव इंग्रज! सबब होती आयरिश चर्चच्या सुधारणेची. ११७१ मध्ये हेन्री फौजेनिशी उतरला. सुधारणा राहिली बाजूला. १३१७ च्या सुमारास डोनल ओ'नील व इतर आयरिश अधिपतींनी पोप बाविसाव्या जॉनकडे गाऱ्हाणे धाडले. आयरिश माणसाला मारणे हे पाप नव्हे, असे इंग्रज भिक्षूच सांगतात, ही त्यातली तक्रार आजही वाचवत नाही. पोपने काय केले? इंग्लंडच्या राजाला समजुतीचे पत्र लिहिले!

पुढे १३६६ मध्ये किल्केनीचे कायदे झाले. इंग्रजांनी आयरिशांशी सोयरीक करू नये, मुले त्यांच्या घरी वाढवायला देऊ नयेत, इंग्रजीच बोलावे. (हा हुकूम लिहिला होता मात्र फ्रेंचमध्ये!) यात कोणाला सत्तेचा दरारा दिसेल, मला धास्ती दिसते. इंग्रज घराणी आयरिश होत चालली होती, म्हणून तर मनाई. डेस्मंडचा तिसरा अर्ल जेराल्ड हा १३६७ पासून दोन वर्षे राजाचा तिथला प्रमुख कारभारी. तोच आयरिशमध्ये कविता करी. १३८८ मध्ये आपला मुलगा ओ'ब्रायन घराण्यात वाढवायला देण्याची परवानगी त्याने राजाकडूनच मिळवली.

खरे जिव्हारी लागणारे कलम निराळेच होते. इंग्रजांच्या कॅथीड्रलांत आयरिश माणसाची नेमणूक होऊ नये, त्यांच्या मठांनी आयरिशांना दीक्षा देऊ नये. कायदा मोडणाऱ्यास धर्मबहिष्कृत करण्याचा आदेश हजर असलेल्या आर्चबिशप-बिशपांनीच उच्चारला. राजाने भेद करावा हे समजू शकते. धर्मपीठाने त्यावर मोहोर उठवावी?

१४९४-९५ च्या ड्रोहेडाच्या संसदेने हे कायदे पुन्हा कायम केले. आयरिश भाषेविषयीची कलमे वगळली. मठाच्या दाराचे कलम तसेच राहिले. जर्मनीत मार्टिन लूथर तेव्हा अकरा वर्षांचा पोर होता.