शाळा बंद, धंदा सुरू, पुढे काय?



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातल्या शाळांना कुलूप लागले. मधे काही महिने काही वर्ग भरले, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा परत उघडल्या, त्याही ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून. त्या दीड वर्षात अनेक शाळकरी मुलींनी छोटे-मोठे धंदे सुरू केले. कोणी आईच्या शिलाई मशीनवर मास्क शिवले, कोणी राख्या आणि आकाशकंदील केले, कोणी दारात भाजी मांडली, कोणी केक करून शेजारीपाजारी विकले. वर्तमानपत्रांनी 'छोटी उद्योजिका' म्हणून त्यांचे फोटो छापले.

कौतुक व्हायलाच हवे. माल आणणे, भाव ठरवणे, उधारी वसूल करणे, चार परक्या माणसांशी न घाबरता बोलणे हे सारे शिक्षणच आहे. ज्या घरात मुलीला वाण्याकडेही एकटी पाठवत नव्हते, त्या घरातली मुलगी गिऱ्हाइकाशी घासाघीस करू लागली, हा बदल लहान नाही.

पण आपण बायकांच्या श्रमाचा हिशेब मांडत आलो आहोत. तेव्हा या कौतुकाचाही हिशेब मांडायला हवा. सुखवस्तू घरातल्या मुलीने केक विकले तर ती तिची हौस. शाळा उघडली की ती दप्तर उचलून निघते. ज्या घरातली मजुरी बुडाली तिथे मुलीच्या शंभर रुपयांवर संध्याकाळचे तेल-मीठ येते. तिचे दुकान शाळा उघडली म्हणून बंद होत नाही. दोघींना एकच 'उद्योजिका' शब्द लावला की हा फरक झाकला जातो.

कायदाही इथे तोकडा पडतो. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर सरसकट बंदी आली, पण धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याची मुभा राहिली. शाळाच बंद असेल तर शाळेनंतरची वेळ कोणती? दिवसभर सगळीच! आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता, आठवीपर्यंतचा. धंद्याला बसवलेली नववी-दहावीची मुलगी त्याच्याही कक्षेबाहेर.

म्हणून अशा प्रत्येक मुलीबाबत आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पैसा कोणाच्या हातात जातो? धंदा सांभाळून धुणी-भांडी आणि लहान भावंडे तिच्याकडेच राहिली का? घरात एकच मोबाइल असताना ऑनलाइन तासाला तो कोणाच्या हातात होता? भाऊ वर्गात आणि बहीण मशीनवर असे चित्र असेल, तर त्या धंद्याने तिला मोकळे केले असे म्हणता येणार नाही. घरकामात आणखी एका कामाची भर पडली, एवढेच.

गट म्हणून आपल्याला करता येण्यासारखे बरेच आहे. पहिले, तिचे स्वतःचे बचत खाते. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना दिली आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे कर्ज किंवा भाड्याची जागा मोठ्या माणसाच्या नावावरच राहते. निदान कमाई तरी तिच्या नावावर जमा व्हावी.

दुसरे, तिची वही. त्यात माल आणि विक्री यांच्याबरोबर तिचे तासही लिहायला लावा. रोज सहा तास शिवून हाती साठ रुपये आले तर ताशी दहा रुपये पडले. हे तिने स्वतः मांडून पाहिले की नफा कशाला म्हणायचे आणि मजुरी कशाला, हे तिला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, तिची शाळा. आपल्या वस्तीत, गावात साथीच्या काळात शाळा सुटलेल्या मुली आज अठरा-वीस वर्षांच्या असतील. त्यांची यादी करा. दहावी राहिली असेल तर खाजगीरीत्या बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, त्यासाठी सोबत जा. धंदा चालू ठेवून परीक्षा द्यायची असेल तर तिच्या घरच्यांशी बोला, अभ्यासाचे दोन तास ठरवून घ्या.

शाळा पुन्हाही बंद पडतील. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीने पूर पाहिला, उद्या कुठे काय येईल सांगता येत नाही. त्या वेळी मुलींनी हातपाय हलवले तर त्यांना साथ देऊच. मात्र कुलूप निघेल त्या दिवशी मुलांबरोबर मुलीही वर्गात बसल्या आहेत ना, हे पाहायला आपण शाळेच्या दारात उभ्या असलो पाहिजे.

तुमच्या भागातल्या अशा मुलींचे अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा करू.

– संपादक मंडळ