आत्या, तू फक्त ओके दाब!

गेल्या वर्षी सांगलीच्या माझ्या आत्याच्या खात्यातून पावणेचार लाख रुपये गेले. नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचं एकच वाक्य: "अकाउंट हॅक झालं." मी २० वर्षं कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या धंद्यात आहे, आणि मंडळी, या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कुणीही काहीही हॅक केलं नव्हतं. बँकेचं कुलूप जागच्या जागी होतं. आत्याने फोनवरच्या माणसाला आपण होऊन ओटीपी वाचून दाखवला होता.

दुसरं वाक्य, "म्हातारी माणसं, त्यांना काय कळणार!" याचा राग त्याहून जास्त. आत्याने ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. तिला चक्रवाढ व्याज कळतं, आणि ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली, ती ज्याच्या हाती गेली त्याला दार उघडलं, हे कळलं नसतं? कळलं असतं. कुणी सांगितलंच नाही. आणि 'कुणी' म्हणजे मी.

आपले रविवारचे फोन आठवा जरा. आपण न्यू जर्सीत कॉफीचा मग घेऊन बसलेले. "आई, ते निळं बटण दाब. अगं, वाचत काय बसलीस, नुसतं ओके दाब! आता मोबाईलवर नंबर आला असेल, तो सांग." इथे बसून त्यांचा स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअरही आपणच टाकून दिलेलं. फोनवर घाईने, अधिकाराने बोलणारा सांगेल ते दाबायचं, ही तालीम आपण त्यांना वर्षानुवर्षं दिली. मग एक दिवस तसाच दुसरा आवाज आला. आत्या म्हणाली, "अरे, अगदी तुझ्यासारखंच बोलत होता."

यंत्राऐवजी माणसाला फोडायचं, याला आमच्या धंद्यात 'सोशल इंजिनिअरिंग' म्हणतात. ईमेलमधून गळ टाकला की फिशिंग, फोनवरून टाकला की व्हिशिंग. गळाला आमिष कधी प्रेमाचं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हा वर्म जगभर पसरला, तो लोकांनी प्रेमपत्र समजून फाइल उघडली म्हणून. कधी भीतीचं. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक भारताच्या कायद्यात नाहीच, हे ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना सांगावं लागलं.

कुलपाच्या चित्राचंही तेच. "पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित," हे आपणच सांगून ठेवलंय. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे, असं ते म्हणत नाही. ते कुलूप चोरालाही मिळतं. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणून क्रोमने ते चित्र २०२३ मध्ये बदललंसुद्धा.

आणि पासवर्ड वहीत लिहिते म्हणून आत्याला आम्ही किती हसलो! अहो, सांगलीतल्या गोदरेजच्या कपाटातली वही परदेशातल्या चोराला उघडता येत नाही. गाढवपणा माझा होता. तिच्या ईमेलला, बँकेला, विजेच्या बिलाला मी एकच पासवर्ड देऊन आलो होतो, नातवाचं नाव आणि वन-टू-थ्री. एका साइटची यादी फुटली की चोर तीच किल्ली बाकीच्या दारांना लावून बघतो. लिंक्डइनमधून २०१२ साली चोरलेले १० कोटींहून अधिक खात्यांचे तपशील २०१६ मध्ये विकायला निघाले होते.

दर उन्हाळ्यात आपले आईवडील इथे येतात. आपण त्यांना नायगारा दाखवतो, मंदिरात नेतो, आऊटलेट मॉलमध्ये बाकावर बसवून ठेवतो. त्या चार-सहा महिन्यांत एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसून "हा शब्द म्हणजे काय" हे सांगायला आपल्याला सवड नसते. मंडळही गणपतीत अंताक्षरीला दोन तास देतं. असो.

हल्ली मी आत्याला बटणं सांगत नाही, शब्द सांगतो. पहिल्या रविवारी एकट्या 'कुकी'वर पाऊण तास गेला. तिचे प्रश्न आमच्या ऑफिसातल्या मीटिंगपेक्षा अवघड असतात. मागच्या आठवड्यात तिचं विजेचं बिल भरताना मी जुन्या सवयीने म्हणालो, "आत्या, आलेला नंबर सांग पटकन."

तिने सरळ फोन ठेवून दिला.