फक्त जोडायची बाकी

जाहिरातीतला फोटो साधारण ठरलेला असतो. ओहायो किंवा मिशिगनमधल्या एखाद्या घराचं गॅरेज, मधोमध चार स्टँडवर चढवलेली दोन दारांची गाडी, अंगावर करड्या प्रायमरचा थर, दारं काढून भिंतीला टेकवलेली. मांडणीवर खोकी, काहींवर मार्करने ‘डॅश’, ‘ब्रेक’ असं लिहिलेलं, बऱ्याचशांवर काहीच नाही. खाली मजकूर : ऐंशी टक्के काम झालंय, आता फक्त जोडायची बाकी, वेळ मिळत नाही म्हणून विकतोय. शेवटी किंमत, आणि आजवरच्या खर्चाच्या सगळ्या पावत्या दाखवायची तयारी.

अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणतात त्या गाड्यांच्या बाजारात असे अर्धवट सौदे बारमाही चालतात. १९६४ साली पॉन्टिॲकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत थोरल्या गाड्यांचं ३८९ घनइंची, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन घालून तिला जीटीओ नाव दिलं. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग २,३६८ डॉलरला बाजारात आली. (काटेकोर मंडळी मस्टँगला ‘पोनी कार’ म्हणतात, खरेदी-विक्रीत मात्र दोघी एकाच रांगेत उभ्या असतात.) विम्याचे चढते हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३चं तेलसंकट यांनी तो जमाना जेमतेम दहा वर्षांत आटोपला. तेव्हा खिशात पैसे नसलेल्या पोरांनी पुढे पन्नाशीत त्याच गाड्या मोडक्या अवस्थेत घरी आणल्या, हौसेने खोलल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा खोललेल्याच राहिल्या.

विकणारा झालेला खर्च मोजतो. घेणाऱ्याने उरलेला मोजायचा असतो, आणि तिथेच हिशेब चुकतो, कारण माणूस काम सुरू करतो ते आवडीच्या टोकाकडून. इंजिन आधी होतं, चकचकीत चाकं आधी येतात, सीटची नवी कव्हरं तर वर्षानुवर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून तयार असतात. पत्र्याचं काम, वायरिंग, काचा, दारांची रबरं, क्रोमच्या पट्ट्या हे सगळं वेळखाऊ आणि कंटाळवाणं. ते मागे पडतं. जाहिरातीतले ऐंशी टक्के बहुधा हौसेचे असतात. खर्चाचे नव्हेत.

मस्टँगचंच घ्या. समोरच्या काचेखाली, बॉनेटच्या मागच्या कडेला, बाहेरची हवा आत घेणारी एक जाळी असते. तिच्याखाली दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडून केलेली पोकळ पेटी आहे, तिला काउल म्हणतात. साठ वर्षं तिच्यात झाडाची पानं साचतात, ओल धरतात, आणि पेटी आतल्या आत कुजते. पाऊस पडला की पाणी थेट ड्रायव्हरच्या पायाशी उतरतं, गालिच्याखाली मुरतं आणि तळाचा पत्रा खाऊन टाकतं. तळाचा तयार पत्रा बाजारात मिळतो, बरा वेल्डर तो बसवतो, आणि मालक आलेल्या गिऱ्हाइकाला नवाकोरा तळ अभिमानाने दाखवतो. काउल उघडायची म्हणजे मात्र पुढचे फेंडर, बॉनेट आणि काच उतरवायची, मग एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवायचा, आतलं कुजकं कापायचं, नवं जोडायचं आणि सगळं पुन्हा जागच्या जागी आणायचं. त्यामुळे पुष्कळ गाड्यांत जमीन नवी आणि छप्पर गळकं अशी गत असते. तळासाठी मोजलेले पैसे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोजावे लागतात.

दुसरी खोच सांगाड्याची. जीटीओ किंवा शेव्हेलला खाली स्वतंत्र फ्रेम असते. मस्टँग, चॅलेंजर, बॅराकुडा यांना ती नाही. पत्र्याचा सांगाडा हीच त्यांची चासी. अशा गाडीचा तळ कापताना आतून आडवे-तिरके आधार दिले नाहीत तर ती मधून वाकते, आणि नवा पत्रा त्या वाकड्या अवस्थेतच कायमचा जोडला जातो. लक्षात येतं दारं बसवताना. भिंतीला टेकवलेली दारं म्हणूनच संशयास्पद. ती आधी बिजागरीवर चढवून दाखवा, असं सांगायला गिऱ्हाइकाने लाजू नये.

आणि तो करडा प्रायमर? फोटोत तो ‘रंगाला तयार’ असं सांगतो. पण नेहमीचा प्रायमर पाण्याला पक्का अडसर करत नाही. तो ओल शोषतो. वरून रंग न मारता गाडी चार-पाच वर्षं तशीच राहिली तर खालच्या उघड्या पत्र्यावर गंज बारीक बारीक पसरत जातो. इपॉक्सी प्रायमर असेल तर गोष्ट वेगळी, पण डब्यावर काय लिहिलं होतं हे तोवर विकणाऱ्यालाही आठवत नाही. सगळं पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडायचं. खरवडल्यावर पुट्टीचे जाड थर निघतात ते निराळे.

इंजिनाची पावती सगळ्यांत वर ठेवलेली असते. ‘रिबिल्ट, एकदाही चालू केलेलं नाही’ हे वाक्य त्यावर गुण म्हणून येतं. त्या काळच्या इंजिनांत कॅमशाफ्ट आणि टॅपेट एकमेकांवर घासत फिरतात. नव्या कॅमसाठी पहिली वीसेक मिनिटं निर्णायक : इंजिन सुरू होताच फेरे दोन हजारांच्या आसपास ठेवायचे, जस्तयुक्त तेल वापरायचं, नाहीतर कॅमचे उंचवटे तिथल्या तिथे झिजतात. ही वीस मिनिटं विकणाऱ्याने टाळलेली असतात आणि ती जोखीम किमतीसकट गिऱ्हाइकाच्या पदरात पडते. शिवाय दहा वर्षं नुसत्या उभ्या इंजिनाची सीलं वाळलेली, सिलिंडरला आतून गंजाची झाक. ज्या मशीन शॉपने काम केलं त्याची हमी केव्हाच संपलेली.

आता मजुरी. समजा, गॅरेज तासाला १०० डॉलर घेतं आणि उरलेलं काम एक हजार तासांचं आहे. अख्खी गाडी खोलून नव्याने उभी करायची तर हा आकडा अवाजवी नाही. मजुरीच एक लाख डॉलर झाली. सुटे भाग, रंग, क्रोम अजून बाहेरच. साध्या व्ही-८ इंजिनाची, चांगल्या अवस्थेतली, आजच चालवत घरी नेता येईल अशी १९६९ची कॅमॅरो त्याहून पुष्कळ कमी पैशांत मिळते. म्हणजे अर्धवट गाडी कुणी फुकट दिली तरी गणित तोट्याचंच. स्वतःच्या हाताने काम करणारा माणूस मजुरी वाचवतो हे खरं. तो हजार तास शनिवार-रविवारच्या भावाने मोजतो. त्यात हरकत काहीच नाही, फक्त हे हजार तास साधारण पाच वर्षांचे शनिवार-रविवार असतात, हे घरात आधी बोललेलं बरं.

खोक्यांबद्दल जाणकार सगळ्यांत कमी बोलतात आणि सगळ्यांत जास्त घाबरतात. गाडी ज्याने खोलली त्याला कुठला बोल्ट कुठला हे ठाऊक होतं. फोटो काढले नसतील तर ती माहिती विक्रीत येत नाही. मस्टँगचं त्यातल्या त्यात बरं. एकट्या १९६६च्या मॉडेलच्या सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक तुकडा नव्याने बनवून विकणारे आहेत; पूर्ण बॉडीसुद्धा नवी मिळते. पण हीच हौस मर्क्युरीची किंवा एएमसीची असेल तर मागच्या दिव्याभोवतीच्या एका पट्टीसाठी वर्षभर भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

मग कागद. इथे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा प्रकार सर्रास चालतो. कॅमॅरोच्या १९६७ ते १९६९च्या चासी नंबरावरून ती कारखान्यातून एसएस ही भारी आवृत्ती म्हणून निघाली की नाही हे कळतच नाही. बिल्ले मात्र कुणीही विकत आणून लावतो. क्रायस्लरचं बरं असतं : १९७०च्या गाडीत नंबराचं पाचवं अक्षर ‘आर’ असेल तर तिच्यात कारखान्याने ४२६ हेमी इंजिन बसवलं होतं. १९६७पासूनच्या फोर्डसाठी कंपनीच्या नोंदींवरून तयार होणारा मार्टी रिपोर्ट मागवता येतो. या कागदाने उलटी मजाही केली आहे. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात एका मस्टँगचा टाकून दिलेला सांगाडा दोघा हौशांच्या हाती लागला. तिला एका सिनेमात गाजलेल्या ‘एलिनॉर’ या मस्टँगचा साज चढवायचा बेत होता. काम सुरू करण्याआधी नंबर तपासला, आणि २०१७ साली उलगडा झाला की ही १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटातल्या पाठलागाची स्टंट गाडी. तपासायला महिनाभर उशीर झाला असता तर पत्रा कापला गेला असता.

त्याच चित्रपटातली दुसरी मस्टँग एका कुटुंबाने १९७४ साली सुमारे ६,००० डॉलरला घेतली होती. १९८०नंतर ती चालवणं थांबलं. २०२०च्या जानेवारीत लिलावात ती ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, आणि गेली ती न रंगवता, डागांसकट. त्याआधी २०१४ साली १९७१ची हेमी ’कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाखांना विकली गेली होती. प्रत्येक अर्धवट गाडीचा मालक असले आकडे तोंडपाठ म्हणतो. या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्याच्या स्टँडवर चढलेली सहा सिलिंडरची मस्टँग लाखांतली एक, म्हणजे शब्दशः लाखांपैकी एक.

मालकी हक्काचा कागद, तिकडे टायटल म्हणतात तो, नसेल तर भाव करण्यातच अर्थ नाही. पूर्वी व्हरमाँट राज्यातून टपालाने जुन्या गाडीची नोंदणी करून घ्यायची पळवाट होती. २०२३मध्ये बाहेरच्यांसाठी तीही बंद झाली. गाडी एखाद्या गॅरेजात अडकून पडलेली असेल तर थकलेल्या बिलापोटी तिच्यावर गॅरेजवाल्याचा बोजा असू शकतो. तो गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो.

काम थांबलं कुठे आणि का, हे विचारणं सगळ्यांत मोलाचं. आजारपण, घटस्फोट, बदली, मृत्यू ही कारणं घेणाऱ्याच्या दृष्टीने चांगली. त्यांचा गंजाशी संबंध नसतो. ‘वेळ मिळत नाही’ हे कारण वाईट. बऱ्याचदा वेळ असतो, पण काउल उघडून पाहिलेली असते. अशा वेळी फार वाद न घालता विकणाऱ्याकडे बादलीभर पाणी मागावं, काचेखालच्या जाळीत हळूहळू ओतावं आणि वाकून पायाकडच्या जागेत बॅटरी मारून पाहावं. काही मालक स्वतः नळी आणून देतात. काहींना नेमकं त्याच वेळी आठवतं की गॅरेजचा नळ कालपासून बिघडलाय.