सांबार मसाल्याचे वजन



बैठकीला गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीत काही ठेवलं नाही. औंदा दोन एकर मिरची लावावी म्हणतो, कसं?" मी एका वाक्यात उत्तर देत नाही म्हणून काही मंडळी रागावतात. त्यांचा राग रास्त आहे. रोप किती अंतरावर लावायचे, बोकड्यावर काय फवारायचे हे सांगायला मला पाच मिनिटे लागतील. पदवीला तेवढेच शिकवले होते. माल कोण घेतो, कशासाठी घेतो आणि भाव कुठे ठरतो, याचे एक पानही आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. म्हणून आज उत्तर शेतातून न देता गिऱ्हाइकाच्या चुलीपासून देतो. लाल मिरचीचे मोठे गिऱ्हाईक दक्षिणेचे स्वयंपाकघर आहे.

दक्षिणेचे मसाले म्हटले की मिरी, वेलदोडा आणि दालचिनीची नावे निघतात. 1498 साली वास्को द गामा कालिकतला आला तो याच मालाच्या वासावर. परंतु एखाद्या तामिळ घरात सांबाराची पूड करताना तराजू लावून पाहा. सर्वांत जास्त वजन धन्यांचे. त्याखालोखाल लाल मिरची. मग तूरडाळ, हरभरा डाळ, थोडी मिरी, जिरे, मेथी आणि रंगापुरती हळद. वरून फोडणीला मोहरी, कढीपत्ता आणि हिंग. वेलदोडा यात नाहीच, त्याची जागा पायसमात. म्हणजे कीर्ती डोंगरातल्या मळ्यांची आणि पातेल्यातले वजन कोरडवाहू रानाचे, असा हा हिशेब आहे.

हे रान आपल्याला परके नाही. तामिळनाडूत विरुधुनगर, तूत्तुकुडी, रामनाथपुरम या पट्ट्यात काळी जमीन आहे, तिला ते करिसल म्हणतात. पाऊस त्यांचा ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीच्या मान्सूनचा. त्या पावसावर कापूस, ज्वारी (त्यांचे चोळम), उडीद, धने आणि मिरची. रामनाथपुरमची मुंडू मिरची गोल, बोरासारखी. 2023 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जिरे मात्र त्या हवेत साधत नाही, ते गुजरात-राजस्थानातून जाते. हिंग अफगाणिस्तान-इराणकडून येते. आपल्या देशात हिंगाची लागवड करून पाहायला 2020 साल उजाडले, तीही हिमाचलातल्या लाहौलच्या थंडीत.

मिरचीची एक गंमत सांगतो. तामिळमध्ये मिरीला मिळगु म्हणतात आणि मिरचीला मिळगाय, म्हणजे मिरीचे फळ. कानडीत मेणसु आणि मेणसिनकाय. आपल्याकडे मिरी आणि मिरची. तिन्ही भाषांत नवी वस्तू जुन्या नावावर चालली, कारण ती अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली आणि तोपर्यंत तिखटाला मिरीशिवाय मोठा आधार नव्हता. मिरीच्या वेलाला डोंगर हवा, सावली हवा, पाऊस हवा. मिरचीला यातले काहीच लागत नाही. गरिबाच्या ताटात तिखट आले ते या झुडपामुळे.

पण सरकारदरबारी या दोघींना एकसारखी वागणूक नाही. बाहेरची स्वस्त मिरी येऊ लागली तेव्हा डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने किलोला 500 रुपये किमान आयात किंमत ठरवली. (त्यानंतरही मिरीवाला सुखी झाला असे नाही, पण निदान दखल तरी घेतली.) हमीभावाच्या 22 पिकांत कापूस आहे, ज्वारी आहे, तूर आहे. मोहरी आहे, पण ती तेलबी म्हणून. मिरची, धने, मेथी, हळद यांतले एकही नाही. ज्याला कापूस सोडून मिरचीकडे जायचे आहे त्याने हे आधी ध्यानात घ्यावे. कापसाचा हमीभाव किती तोकडा आहे हे मला सांगू नका, मलाही माहीत आहे. पण तिकडे तेवढीही पायरी नाही.

आता बेडगीचे पाहा. आपल्या बायका मसाल्याला जी सुरकुतलेली, लालभडक, कमी तिखट मिरची मागतात ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची. 2011 मध्ये तिला मानांकन मिळाले. तिच्यात दोन जाती, जाड-बुटकी डब्बी आणि लांब-बारीक कड्डी. हावेरी, गदग, धारवाडच्या काळ्या जमिनीत ती पावसावर येते. त्यांची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. एकाच वावरात कांदा, मिरची आणि कापूस. कांदा आधी निघतो, मग मिरचीचे तोडे होतात, शेवटी कापूस वेचतात. एक बुडाले तर दुसऱ्याने तरावे, हा कोरडवाहूचा जुना धर्म.

बेडगीला मागणी तिखटासाठी नाही, रंगासाठी. मसाला कंपन्या ती घेतात, आणि कारखान्यांत तिचा रंगअर्क काढतात, तो खाद्यपदार्थांत आणि सौंदर्यप्रसाधनांतही जातो. तिखटपणा असतो तो फळाच्या आतल्या पांढऱ्या शिरेत. रंग असतो सालीत. रंग उजेडाने आणि उष्णतेने उडतो, म्हणून माल शीतगृहात ठेवावा लागतो. इथेच सगळी मेख आहे. शीतगृहात मागच्या वर्षीचा माल पडून असला की नव्या मालाचा भाव तोडे सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. तो साठा किती आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक असते, शेतकऱ्याला नसते.

2021-22 मध्ये आंध्र-तेलंगणात बाहेरून आलेल्या नव्या फुलकिड्यांनी मिरचीची फुलेच खाल्ली. माल घटला, भाव चढला, आणि सगळे मिरचीकडे धावले. 11 मार्च 2024 ला ब्याडगीच्या बाजारात भाव एकदम कोसळले तेव्हा शेतकऱ्यांनी बाजार समितीचे कार्यालय फोडले, गाड्या जाळल्या. जाळपोळीचे समर्थन मी करणार नाही. पण ज्या माणसाने सहा महिने मिरची जपली, मजुरी देऊन चार-पाच तोडे केले, तो भाड्याची गाडी करून आला आणि दुपारी निविदेची चिठ्ठी पाहून खाली बसला, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पुढच्या वर्षी गुंटूरची पाळी. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राला आंध्रसाठी क्विंटलला 11,781 रुपयांची बाजार हस्तक्षेप योजना आणावी लागली. तीही भाव पडून बोंब झाल्यावर, आणि राज्यातल्या सगळ्या मालाला नव्हे.

तेव्हा मिरची लावू नका असे मी म्हणत नाही. भिवापूरच्या मिरचीचे नाव विदर्भात कोणाला सांगायला नको. पण सगळे वावर मिरचीला देऊ नका; कापसात ओळी टाका. रंगाची जात घेणार की तिखटाची, हे रोप टाकण्याआधी ठरवा, कारण दोन्हींचे गिऱ्हाईक वेगळे. वाळवण मातीवर नको. दवाने भिजलेल्या मालात बुरशीचे विष धरते आणि असा माल परदेशातून परत येतो. रब्बीत ओल टिकली तर ज्वारीच्या कडेने धने टाकून पाहायला हरकत नाही. खर्च थोडा, फक्त ढगाळ हवेत भुरीवर नजर ठेवावी लागते.

आणि बैठकीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. ब्याडगीचा बाजार सोमवारी आणि गुरुवारी भरतो, मोठी आवक जानेवारीपासून मार्चपर्यंत. प्रत्येक तालुक्यातून दोन जणांनी, त्यात एक बाई असावी, फेब्रुवारीत तिथे जावे. सोबत आपल्याकडची पाच किलो वाळली मिरची न्यावी आणि ती अडतीवर दाखवून काय भाव सांगतात ते लिहून घ्यावे. शीतगृहात पोत्याचे भाडे किती, जुनी पोती किती, हेही विचारावे. कानडी येत नाही म्हणून अडू नका, अडत्यांना मराठी गिऱ्हाइके नवी नाहीत. जाण्यायेण्याचा खर्च तालुक्याने वर्गणीतून करावा. मे महिन्यात रोपे टाकण्याआधीच्या बैठकीत त्यांनी आकडे मांडावेत. ज्यांना जायचे आहे त्यांनी आपली नावे आजच तालुका प्रमुखांकडे द्यावीत.