आपल्या धंद्याची झडती आपणच घ्यावी

हरिहरेश्वरी प्रदक्षिणेस निघणारा शहाणा माणूस आधी समुद्राकडे पाहतो. भरती आहे की ओहोटी, हे कळल्यावाचून कड्याखालच्या खडकांवर तो पाय टाकीत नाही. एवढी सावधगिरी घटकाभराच्या वाटेला; आणि जन्मभर ज्या धंद्यावर पोट चालवावयाचे, त्याच्याकडे मात्र आपण वर्षातून एकदाही थांबून पाहात नाही! नुकसान आले की कपाळावर हात मारून म्हणतो, नशिबात होते ते झाले. पत्रिका दाखवावयास जातो, पण स्वतःची वही उघडीत नाही. ही चाल मोडली पाहिजे.

दुसऱ्यास सांगण्याआधी आमचीच झडती. आम्ही पेशाने गावचे मास्तर. ट्रेनिंग कॉलेजात धड्याआधी टाचण काढावयास शिकलो. धडा संपल्यावर काय फसले ते लिहावे, हे आम्हांस सुचले नाही. वजाबाकी न येणाऱ्या पोरांस आम्ही कित्येक वर्षे मठ्ठ म्हणत आलो. पुढे दर शनिवारी शाळा सुटल्यावर दहा ओळी लिहू लागलो, तेव्हा दिसले की बहुतेक पोरे एकाच ठिकाणी अडतात: शून्य असता हातचा घ्यावयाचा तेथे. तो भाग आम्हीच एका दिवसात उरकीत होतो. मग मठ्ठ कोण?

आता वाडीकडे पाहू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वादळ काही आपल्या चुकीने आले नाही. परंतु नवी पोफळ फळ धरावयास पाच-सहा वर्षे तरी घेते. त्या मधल्या काळात केळीने किती दिले, मुंबईहून पोराने किती धाडले, पाहुण्यांच्या खाणावळीत किती उरले, हा आकडा किती घरांत लिहिलेला आहे? शेजाऱ्याने खोल्या बांधल्या म्हणून आपण कर्ज काढून खोल्या बांधावयाच्या, याला धंदा म्हणत नाहीत.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला, आणि १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधून मग उपाय सांगितले. आधी कारण, मग उपाय, हाच क्रम घरातही हवा.

म्हणून बंधुभगिनींनो, दर अमावास्येस रात्री जेवणे झाल्यावर वही घेऊन बसा. तीन गोष्टी लिहा: या महिन्यात काय मिळाले व काय गेले; कोणते काम फसले व का; पुढल्या महिन्यात कोणती एक नवी गोष्ट शिकावयाची. सुताराने नवे हत्यार शिकावे, बागायतदाराने श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात जाऊन रोपांची विचारपूस करावी. घरच्या बाईस शेजारी बसवा. सुपारी सोलण्याचे तिचे श्रम आजवर कोणाच्याच हिशेबात आलेले नाहीत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीच्या हाती पेन्सिल द्या.

झडती म्हणजे स्वतःस शिव्या देणे नव्हे. दलालाने भाव पाडला तर तेही लिहा. पंचनाम्यास माणूस आला म्हणजे झाडांचा वहीतला आकडा छातीठोकपणे सांगता येतो. अंदाजाने सांगितलेला कोणीही खोडून काढतो.

येत्या अमावास्येस पहिले पान लिहा. दुसऱ्या अमावास्येस ते वाचल्यावाचून तिसरे काम हाती घेऊ नका.